मालकांचे सामते

बेळगावहून लग्न होऊन मी मुंबईत आले, तेव्हा गिरगावात जागा बघायला गेलं की घरमालक काय काय विचारतात, याची जाणकारांनी मला आधीच कल्पना देऊन ठेवली होती. पगार किती, माणसं किती, गावाकडून येऊन राहणारी किती, घरात मासे शिजणार का, रेडिओ मोठ्याने लावता का. सगळी उत्तरं मी पाठ करून गेले होते. फणसवाडीच्या अलीकडे एका लहानशा वाडीत ते दुमजली लाकडी घर होतं आणि मालक ओटीवर आरामखुर्ची टाकून बसले होते. त्यांनी यांपैकी एकही प्रश्न विचारला नाही. आमचे हे मालवणचे आणि मी बेळगावची, एवढं कळल्यावर ते सावरून बसले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "तिकडचे सुतार सामत्याच्या कमानीला दोरी बांधतात की चामड्याची वादी?"

सामता म्हणजे काय हेच मला धड माहीत नव्हतं. ह्यांनी कोपराने ढोसलं, तेव्हा मी ठोकून दिलं, "वादी."

"वाटलंच," मालक समाधानाने म्हणाले. "तुमच्याकडे हवा कोरडी. इथे पावसाळ्यात वादी लोंबते. जागा तुमची."

बेळगावात पाऊस किती पडतो हे मी त्यांना त्या दिवशी सांगितलं नाही आणि पुढेही कधी सांगितलं नाही. गिरगावात दोन खोल्या मिळत असताना खरं बोलायला मी काही वेडी नव्हते.

सामता म्हणजे सुताराचं भोक पाडायचं हत्यार. आता विजेची यंत्रं आली, बटण दाबलं की काम झालं; त्या वेळी सुतार मांडी घालून बसायचा, उभ्या लाकडी दांड्याच्या टोकाला पातं, दांड्याभोवती दोरीचा एक वेढा, दोरीची दोन्ही टोकं एका वाकड्या काठीला बांधलेली. हीच कमान. उजव्या हाताने कमान पुढेमागे ओढली की दांडा गरगर फिरतो, आणि डाव्या हाताने वरून दाब द्यायचा. दांडा तळहाताला चटका देऊ नये म्हणून त्याच्या डोक्यावर टोपण. एवढंच. या एवढ्याशा गोष्टीवर एखादा माणूस जन्म काढू शकतो यावर मी मालकांना पाहीपर्यंत विश्वास ठेवला नसता.

मालक सुतार नव्हते. विम्याच्या कचेरीत हेडक्लार्क म्हणून ते निवृत्त झाले होते. त्यांना साधा पाट करता येत नसे. करवत हातात धरली तर मालकीणबाई घाबरून आयोडिनची बाटली काढून ठेवायच्या. मालकांना फक्त भोकं पाडता येत, आणि ती मात्र अशी की बघत राहावं. त्यांचे आजोबा कोकणात गलबतं बांधायचे. त्यांचा सामता, काळ्याभोर करवंटीच्या टोपणासकट, मालकांच्या माजघरात देवाच्या फळीशेजारी टांगलेला असे. त्याच्या आजूबाजूला भिंतभर बाकीचे. रविवारी जेवण झालं की मालक छत्री घेऊन निघत, आणि परळ, लालबाग, माटुंगा, जिथे कुठे सुतार बसलेला दिसेल तिथे त्याच्यासमोर उकिडवे बसत. संध्याकाळी परत येताना पिशवीत भाजी असायची असं नाही, पण एखादी मोडकी कमान असायची.

त्यांच्या मते सामत्यावरून प्रांत कळतो. कोकणातली कमान बांबूची आणि दोरी सुती, कारण पावसात चामडं ढिलं पडतं आणि सूत उलट ताठ होतं. देशावर बाभळीची काठी आणि वादी. बंदरावरच्या गलबतवाल्यांचा सामता माणसाएवढा. एकाने छातीने दाबायचा आणि दोघांनी समोरासमोर बसून दोराने ओढायचा. गुजराती मिस्त्रींची शारडी. बांधा बारीक, टोपण शिसवीचं. आणि खोताच्या वाडीतल्या ख्रिस्ती सुतारांचं ते पोटाशी धरून हँडलसारखं फिरवायचं विलायती गिरमिट, त्याबद्दल मालक जरा दुरून बोलायचे. "एकाच दिशेला फिरतं," ते म्हणत. "सामता जाताना कापतो आणि येतानाही कापतो. गिरमिट हट्टी माणसासारखं आहे." यातलं किती खरं आणि किती मालकांच्या पदरचं, हे मला आजही ठाऊक नाही. बेळगावच्या कोरड्या हवेचा अनुभव असल्यामुळे मी सगळंच मानत नसे.

त्यांच्या घरात भिंतीला खिळा मारायला बंदी होती. कॅलेंडर टांगायचं असलं तरी मालकांना कळवावं लागे. मग ते स्वतः वर येत, "काय टांगणार?" असं गंभीरपणे विचारत, वजनाचा अंदाज घेत, आणि त्याप्रमाणे सामता निवडून आणत. भोक पाडून झालं की त्यात लाकडी खुंटी बसवत. आमच्या ह्यांचा कोट, माझा आरसा, तांदळाची पिशवी, प्रत्येकाची खुंटी वेगळी. एकदा मी कोटाच्या खुंटीवर पिशवी अडकवली तर ते खालून हाक मारून म्हणाले, "बाई, खुंटी बदललीत." त्यांना ते कसं कळलं हे मी शोधून काढायचा पुष्कळ प्रयत्न केला.

दुसऱ्यांच्या घरी गेल्यावर ते दाराच्या, खुर्चीच्या, पलंगाच्या भोकात करंगळी घालून बघायचे. त्यांच्या भाचीचं स्थळ बघायला दादरला गेले, तेव्हा मुलगा बीएस्सी, नोकरी कायम, घर स्वतःचं, हे सगळं बाकीच्यांनी ऐकलं. मालक झोपाळ्याच्या फळीखाली डोकं घालून बसले होते. बाहेर येऊन त्यांनी जाहीर केलं, "मुलगी द्यायला हरकत नाही. कड्यांची भोकं दोन्ही बाजूंनी पाडलीयत." एका बाजूने आरपार पाडलं की पलीकडची कड फुटते, दोन्ही बाजूंनी पाडून मध्ये मिळवलं की कड शाबूत राहते, आणि ज्या घराने सुताराला एवढा वेळ दिला ते घर सुनेलाही देईल, असा त्यांचा हिशेब. भाचीचा संसार उत्तम झाला, त्यामुळे या बाबतीत त्यांना कोणी काही बोलू शकत नसे.

मालकीणबाईंना मात्र बोलायला पुरेपूर जागा होती. त्या काळी फुटलेल्या चिनीमातीच्या कपबशा सांधून देणारा एक माणूस वाडीत यायचा. त्याचा सामता निराळाच. आडवी पट्टी वरखाली दाबली की दांडा आपोआप फिरायचा, आणि बशीला तडा न जाऊ देता त्यात तारेच्या टाक्यापुरतं भोक पडायचं. मालक त्याच्यापुढून हलत नसत. पण घरात फुटलेलं काही नसेल तर तो थांबणार कशाला? एकदा तो बोळात शिरल्याचं ऐकून मालक स्वयंपाकघरात गेले आणि चांगली बशी घेऊन बाहेर आले, ती दोन तुकड्यांत. मालकीणबाई मला म्हणाल्या, "बाकीच्यांचे नवरे बाहेर जाऊन उधळतात, आमचे घरात उधळतात." पुढे त्या माणसाची हाक ऐकू आली की त्या कपबशांच्या कपाटापुढे पाट मांडून बसायच्या.

घराच्या तळमजल्यावर रस्त्याच्या बाजूला एका गुजराती मिस्त्रींचं सुतारकामाचं दुकान होतं; त्याच्यावर मालक आणि मालकांच्या वर आम्ही. मालकांच्याच वयाचे, भावनगरकडचे, डावखुरे, तोंडात कायम सुपारी. मालकांचा हा एकुलता एक मित्र. कचेरीतून निवृत्त झाल्यावर मालकांची खरी कचेरी म्हणजे मिस्त्रींच्या दुकानातलं स्टूल. मिस्त्री सामत्याला शारडीच म्हणायचे आणि मालक शारडीला सामता. त्यावरून रोज भांडण व्हायचं आणि रोज चहा व्हायचा. "शेठ फक्त भोक पाडतात," मिस्त्री गिऱ्हाइकांना सांगायचे, "बाकी फर्निचर आम्ही करतो." मालक यावर खूश होऊन हसायचे.

एक दिवस ते हसले नाहीत. दुकानात चार गिऱ्हाइकं होती. मालक आजोबांचा सामता कौतुकाने खाली घेऊन आले होते आणि करवंटीचं टोपण शिसवीपेक्षा कसं थंड राहतं, तळहातात कसं बसतं, हे सांगत होते. मिस्त्री घाईत होते. हातातलं काम न थांबवता ते म्हणाले, "शेठ, नरोटी हातात घेऊन माणूस भीक मागतो, काम नाय करत." गिऱ्हाइकं हसली. मालकांनी सामता उचलला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि ते जिना चढून वर आले. त्या दिवसापासून त्यांनी मिस्त्रींशी बोलणं टाकलं. मिस्त्रींनाही वाटलं, मस्करीवर एवढं रागवायचं तर रागवा, त्यांनीही टाकलं.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. घराघरातून मोर्चाला माणसं जात, भिंतींवर घोषणा, रोज कुठेतरी सभा. आमचे हे गिरणीच्या कचेरीतून सरळ सभेला जायचे. मालकही जायचे, घसा बसेपर्यंत घोषणा द्यायचे. मात्र एका सभेत सगळे लोक वक्त्याकडे बघत असताना मालक व्यासपीठाच्या खाली वाकून बांबू तपासत होते, असं ह्यांनी स्वतः पाहिलं. अशा दिवसांत मराठी मालक आणि गुजराती भाडेकरू यांचा अबोला झाला म्हटल्यावर वाडीने एकच अर्थ काढला. समितीचा एक तरुण कार्यकर्ता तर मालकांचं अभिनंदन करायला घरी आला.

"तुमच्यासारख्या वडीलधाऱ्यांनी अशी ठाम भूमिका घेतली, आम्हाला जोर आला," तो म्हणाला.

"घ्यायलाच हवी," मालक म्हणाले. "तो माणूस करवंटीला नावं ठेवतो."

 मुंबई कुणाची यावर कार्यकर्ता काहीतरी बोलू लागला, तेव्हा मालक म्हणाले, "मुंबई आपलीच. त्यात मिस्त्रीचं काय? त्याची शारडी कुठे जाणार?" आणि त्यांनी त्याला भिंतीवरचे सामते दाखवायला घेतले. तो पुन्हा आला नाही.

मी तेव्हा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते. दिवसभर कानाला हेडफोन लावून दोन टोकं जोडून द्यायची, हा माझा धंदा. घरी आल्यावरही तोच सुरू झाला. मी जिन्यात दिसले की मालक म्हणायचे, "बाई, खाली सांगा, दुकानावरची पन्हळ गळतेय." खाली सांगितलं की मिस्त्री म्हणायचे, "बेन, शेठला सांगा, दुरुस्त करून घेतो. आपल्याला काय वांधा नाय." दोघं एकमेकांना ऐकू येतील एवढ्या अंतरावर असायचे. ट्रंककॉलला तीन मिनिटं झाली की आम्ही मध्ये बोलून लाइन तोडू शकत होतो. इथे ती सोय नव्हती. मी एकदा चिडून म्हणाले, "तुम्ही समोरासमोर बोला ना, मला स्वयंपाक आहे." मालक म्हणाले, "मी बोलत नाहीये त्याच्याशी," इतक्या सरळपणे की मी निरोप घेऊन खाली गेले.

हरताळाच्या एका दिवशी वातावरण बिघडलं. गिरगावात दगडफेक चालली होती, मिस्त्रींनी दुकानाच्या फळ्या लावून घेतल्या आणि ते आत बसून राहिले. मालकांनी आरामखुर्ची ओटीवरून उचलून खाली रस्त्यावर आणली, दुकानाच्या बंद फळ्यांना पाठ लावून मांडली, आणि पेपर उघडून बसले. पोरांचे घोळके आले, मालकांना बघून पुढे गेले. मालकीणबाईंनी दोनदा निरोप पाठवला, ते उठले नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, "फळ्या सागवानी आहेत. माझ्या घराच्या आहेत." ऊन फिरून त्यांच्या टकलावर आलं तेव्हा फळीच्या फटीतून मिस्त्रींचा आवाज आला, "बेन, शेठला सांगा, छत्री घ्या." मी सांगितलं. मालकांनी छत्री घेतली. त्या वेळी मला दोघांचाही राग आला आणि दोघांवरही माया आली, आणि कशाचं काय करावं ते कळेना.

वर्षं गेली. अबोला मोडायचा कुणी प्रयत्न केला नाही असं नाही. पण मिस्त्रींना वाटे शेठने हाक मारावी, आणि मालकांना वाटे मिस्त्रीने करवंटीची माफी मागावी, आणि दोघंही वाट बघण्यात पटाईत होते.

अखेर दोन राज्यं वेगळी होणार हे पेपरात नक्की छापून आलं. वाडीत पेढे वाटले. त्याच आठवड्यात मला मुलगा झाला. बाळंतपणाला खरं तर मी बेळगावला जायची, पण तिकडे बाबा सीमेच्या सत्याग्रहात तुरुंगाच्या आतबाहेर करत होते, म्हणून मालवणहून सासूबाई आल्या. त्या आल्या त्याच दिवशी मला तळमजल्यावरून ठाकठोक ऐकू आली. मी बघायला गेले तर मिस्त्री एक मोठी पेटी भरत होते. मुलगा भावनगरला बोलावत होता. आता इकडे काय होईल कुणास ठाऊक, असं त्याने लिहिलं होतं. मिस्त्री म्हणाले, "हत्यारं भरून झाली. आता दोर बांधला की झालं. रविवारी निघतो."

"मालकांना सांगितलंत?" मी विचारलं.

"तुम्ही सांगा, बेन."

मी वर जाऊन सांगितलं. मालक भिंतीवरचे सामते पुसत होते. त्यांचा हात थांबला, मग पुन्हा चालू झाला. "बरं," एवढंच म्हणाले. मालकीणबाई मला आतल्या खोलीत घेऊन गेल्या आणि तोंडाला पदर लावून रडल्या. "हा माणूस गेला की हे कुणाशी भांडतील? यांचं दुसरं आहे कोण?" मलाही रडू आलं. बाळंतीण होते म्हणून असेल, पण मला खरंच वाटलं की रविवारी तो टांगा वळला की मालक त्या खुर्चीत बसतील ते पुन्हा उठायचेच नाहीत.

शनिवारी बारसं होतं. पाळणा सासूबाईंनी मालवणहून आणला होता. ह्यांनी सहज विचारलं, छताला लोखंडी आकडा बसवून घेऊ का. सासूबाई उसळल्या. "आकड्याक बकरो टांगतत, पोर न्हय. तुळयेक भोक पाडून दोरी ओवूची. आमच्याकडे असोच बांधतत." हे कुठल्या शास्त्रात आहे ते मी विचारलं नाही. मालकांना हे कळलं तेव्हा ते जवळजवळ पळतच वर आले आणि सासूबाईंपुढे हात जोडून उभे राहिले. इतक्या वर्षांत या घरात कोणी त्यांच्या मनातलं बोलल्याची ती पहिलीच वेळ असावी.

पण तुळई बघितल्यावर त्यांचा चेहरा पडला. ती जुनी सागवानी, चांगली जाडजूड. वर फळ्यांची तक्तपोशी चिकटून बसलेली, त्यामुळे दोरी वरून घ्यायला फट नाही. त्यांच्या सामत्याचं पातं निम्म्याच्या जरासंच पुढे जाईल एवढं. म्हणजे दोन्ही बाजूंनी पाडून मध्ये मिळवायचं. आणि पाळण्याची जागा होती भिंतीलगत. अलीकडून पाडताना भिंत डाव्या हाताला, ते जमेल. पलीकडे गेलं की भिंत उजव्या हाताला. कमान ओढायला गेलं की कोपर आपटणार. तिथे डावखुराच माणूस हवा.

मालक टेबलावर उभे होते. बराच वेळ भिंतीकडे बघून ते म्हणाले, "बाई, खाली सांगा."

काय सांगू, हे मी विचारलं नाही. मिस्त्री पेटीवर दोर आवळत होते. मी म्हणाले, "पाळण्यासाठी तुळईला भोक पाडायचंय. एका बाजूने डाव्या हाताने." त्यांनी दोर सोडून दिला. लहान शारडी त्यांनी प्रवासात लागेल म्हणून बाहेरच ठेवली होती. ती घेऊन ते माझ्यामागोमाग जिना चढले. आमच्या खोलीत यायला त्यांनी पायातल्या वहाणा दारातच काढल्या. मालकांनी काटकोनाचा गुण्या आणि दोरा लावून तुळईच्या दोन्ही अंगांना खडूच्या खुणा करून ठेवल्या होत्या. एका बाजूला टेबल, दुसऱ्या बाजूला स्टूल. दोघं चढले. मध्ये तुळई आल्यामुळे एकमेकांचे चेहरे त्यांना दिसत नव्हते. मला मात्र दोघांचेही दिसत होते, आणि दोघंही परीक्षेला बसल्यासारखे होते.

सुरुवात झाली. मालकांचा सामता घुमू लागला, मग पलीकडून शारडी. आधी आवाज वेगवेगळे होते, नंतर कधी एक झाले ते कळलं नाही. मालक तेल सोडायला थांबले की मिस्त्रीही थांबत. लाल भुसा खाली सांडत होता. सासूबाई बाळाला पदराखाली घेऊन खालून लक्ष ठेवत होत्या. "एका डोळ्यात गेलो भुसो," त्या म्हणाल्या, "पण दुसरो बघता हा."

पात्याची लांबी संपत आली. आता मिळायला हवं होतं. मिळालं नाही. मालक थांबले.

"बाई, विचारा, किती आत गेलाय?"

"बेन, सांगा, निम्म्याच्या पुढे."

"मीही निम्म्याच्या पुढे आहे," मालक मला म्हणाले. "मग मिळत का नाही?"

 दोन्ही भोकं निम्म्याच्या पुढे गेली होती आणि एकमेकांना भेटली नव्हती, म्हणजे एकमेकांना चुकवून गेली होती. एवढं मलाही कळलं.

"माझं सरळ आहे," मालक मोठ्याने म्हणाले. मला उद्देशून नव्हतं ते.

"शेठ, तुमचं वर चढलं," मिस्त्री तुळईपलीकडून म्हणाले. "तुमचं नेहमी वर चढतं. करवंटी घसरते."

"आणि तुझं खाली उतरतं. डावा हात तुझा. मला आज सांगतोस?"

दोघं एकदमच खाली वाकले आणि तुळईखाली समोरासमोर आले. इतक्या वर्षांनी. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी बोट ओठांवर ठेवलं. मालकांनी छत्रीची काडी मागवली आणि मिस्त्रींच्या भोकात घातली. काडी खाली उतरली नाही. चांगली वर चढत गेली. मग मिस्त्रींनी ती मालकांच्या भोकात घातली. ती खाली उतरत गेली. 

"तू वर का गेलास?" मालकांनी विचारलं.

मिस्त्री सुपारी चघळायचे थांबले. "तुमचं वर चढतं ना, शेठ. म्हणून मी वर धरलं. तुम्हाला भेटायला."

मालकांनी काडी भोकातून काढून घेतली. मग खाकरून म्हणाले, "तुझं खाली उतरतं, म्हणून मी खाली धरलं."

मला हसू आवरेना आणि रडूही आवरेना. सासूबाईंना यातलं मागचंपुढचं काहीच ठाऊक नव्हतं. त्या म्हणाल्या, "पण माझो पाळणो खंय टांगूचो?"

"जाड पात्याने मधूनच घ्यावं लागेल," मालक म्हणाले. "दोन्ही भोकं पोटात घेऊन एकच. माझ्याकडे एवढं पातं नाही."

"माझ्याकडे आहे, मोटी शारडी," मिस्त्री म्हणाले. "पण ती पेटीत भरली."

"मग पेटी सोड."

मिस्त्री स्टुलावरून उतरले. "शेठ, ती एकदम तळाला आहे. सगळं बाहेर काढायला लागेल."

"काढ," मालक म्हणाले. "मी येतो मदतीला."

दोघं जिना उतरून खाली गेले. रंधे, पटाश्या, करवती, सगळं दुकानाच्या जमिनीवर आलं, आणि कोणतं कुठे ठेवायचं यावरून खाली जे भांडण सुरू झालं ते बारशाच्या बायका जमेपर्यंत संपलं नव्हतं. संध्याकाळी माझा मुलगा तुळईला टांगलेल्या पाळण्यात झोपला. रविवारी भावनगरची गाडी गेली. ती पेटी पुढे बरीच वर्षं मिस्त्रींच्या दुकानात उघडीच पडून होती. मिस्त्री तिच्यात भुसा टाकायचे.